छंद म्हणून फोटो काढणाऱ्याने एडिटिंगचे सॉफ्टवेअर कसे निवडावे

खेड्यात राहून नवा कॅमेरा घेतलेल्या माणसाला फोटो एडिटिंगबद्दल पहिला सल्ला मिळतो तो बहुधा तालुक्याच्या गावी लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओतून, आणि तो ‘फोटोशॉप टाकून घ्या’ एवढाच असतो. स्टुडिओवाल्याच्या जागी तो बरोबर आहे, कारण त्याला अल्बमच्या एकेका पानावर अनेक फोटो बसवायचे असतात, मागचा पडदा बदलायचा असतो, नावे घालायची असतात. हौसेने फोटो काढणाऱ्याचे काम वेगळे असते. पोळ्याच्या एका संध्याकाळी काढलेल्या दोन-तीनशे फोटोंतून वीस निवडायचे, त्यांचा उजेड आणि रंग दुरुस्त करायचा, कडेचा नको असलेला भाग कापायचा आणि पाच वर्षांनी मागितला तर तो फोटो सापडेल अशा रीतीने ठेवायचा, एवढे त्याला हवे असते. त्यामुळे ‘सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते’ या प्रश्नापासून सुरुवात करण्यापेक्षा आपल्या फाइल्स, आपला संगणक, आपल्याकडची वीज आणि इंटरनेट यांपासून सुरुवात केलेली बरी.

आधी कामे वेगळी करावीत

बाजारातील सॉफ्टवेअर ढोबळमानाने तीन कामे करतात. पहिले काम रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल) ‘डेव्हलप’ करण्याचे, म्हणजे संपूर्ण फोटोचा उजेड, रंग, खरखर (दाणेदार ठिपके, नॉइझ) आणि धार ठरवण्याचे. लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी आणि कॅमेरा कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअर यासाठी आहेत. दुसरे काम फोटोच्या आत शिरून एखादी वस्तू पुसण्याचे, दोन फोटो जोडण्याचे, थर रचण्याचे. ते फोटोशॉप, जिम्प, अफिनिटी, फोटोपी करतात. तिसरे काम हजारो फोटो लावून ठेवण्याचे आहे. लाइटरूम आणि डार्कटेबल पहिल्याबरोबर हेही करतात, आणि डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर तर मुख्यतः याचसाठी आहे.

हौशी माणसाचा बहुतेक वेळ पहिल्या आणि तिसऱ्या कामात जातो. विजेची तार पुसण्यासारखे दुसरे काम अधूनमधून निघते, त्यामुळे त्यासाठीचे सॉफ्टवेअर शेवटी निवडले तरी चालते. उलट्या क्रमाने सुरुवात केली की माणूस थर आणि मास्क (फोटोचा ठरावीक भाग झाकण्याचे साधन) यांत महिनाभर अडकतो आणि त्याचे मूळ फोटो फिकेच राहतात.

आपण कोणती फाइल काढतो ते पाहावे

कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये ‘इमेज क्वालिटी’ या ठिकाणी जेपेग, रॉ किंवा दोन्ही असे पर्याय असतात. रॉ फाइल म्हणजे वेचून आणलेला कापूस आणि जेपेग म्हणजे जिनिंगमधून दाबून निघालेली गाठ, असे समजावे. गाठ वाहून न्यायला सोपी, पण आता तिच्यात निवड-पाखड करता येत नाही. आकड्यांत सांगायचे तर जेपेगमध्ये लाल, हिरवा आणि निळा यांपैकी प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या साठवल्या जातात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात, आणि १२ बिटच्या असल्या तरी ४,०९६ असतात.

या फरकाचा प्रत्यय आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास वेचणी चाललेल्या कपाशीच्या शेतात सर्वांत लवकर येतो. दुपारच्या उन्हात फुटलेला पांढरा कापूस आणि खाली काळी माती अशी चौकट असली की कॅमेरा दोन्ही टोकांना अडखळतो. मातीवर उजेड मोजला तर बोंडे नुसती पांढरी डागासारखी उमटतात, आणि कापसावर मोजला तर माती व वेचणारीचा चेहरा अंधारात जातो. फोटो थोडा गडद काढून रॉमध्ये ठेवला असेल तर नंतर सावल्या बऱ्याच वर उचलता येतात आणि बोंडातील तंतूही राहतात. जेपेगमध्ये तोच प्रयत्न केला की मातीत मळकट ठिपके दिसू लागतात. पांढऱ्या भागातली माहिती मुळातच गेली असेल, तर मात्र रॉ असो वा काहीही असो, ती परत येत नाही.

फक्त मोबाइलने फोटो काढणाऱ्याने पुढचा बराचसा भाग सोडून दिला तरी चालेल. त्याच्यासाठी स्नॅपसीड पुरेसे आहे. २०१२ पासून ते गूगलकडे आहे, मोफत आहे आणि मोबाइलने काढलेल्या डीएनजी प्रकारच्या रॉ फाइल्सही उघडते. लाइटरूमचे मोबाइल अ‍ॅपही चांगले आहे, पण त्यातील काही साधने पैसे भरल्याशिवाय खुली होत नाहीत. जे केवळ जेपेग काढतात आणि तसेच काढणार आहेत, त्यांनीही जड सॉफ्टवेअरच्या मागे लागण्याचे कारण नाही.

संगणकाची आणि विजेची तपासणी

विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ या भागात मेमरी किती जीबी आहे, डिस्क एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क, आणि ग्राफिक्स कोणते आहे हे दिसते. या तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. रॉ फाइलवर कामचलाऊ वेगाने काम करायला ८ जीबी मेमरी लागते आणि १६ जीबी असेल तर हात मोकळा राहतो. ४ जीबीच्या लॅपटॉपवर लाइटरूम किंवा डार्कटेबल टाकून मग ‘सॉफ्टवेअर अडकते’ म्हणण्यात अर्थ नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे आणि मेमरीची पट्टी वाढवणे हा खर्च कोणत्याही सॉफ्टवेअरच्या वर्गणीपेक्षा आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्क्रीनकडेही पाहावे. अनेक स्वस्त लॅपटॉपची स्क्रीन १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलची असते. अशा स्क्रीनवर डार्कटेबलच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या उघडल्या की मधला फोटो पोस्टकार्डाएवढा उरतो. डावी पट्टी मिटवून काम करता येते, पण ही अडचण आधी ठाऊक असावी.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांचा जुना संगणक विंडोज ११ स्वीकारत नाही, त्यांना लिनक्सचा विचार करता येतो. डार्कटेबल, रॉथेरपी, जिम्प आणि डिजिकॅम ही चारही तेथे चालतात, फोटोशॉप आणि लाइटरूम चालत नाहीत.

राहिली वीज. भारनियमन असो की वादळाने पडलेली तार असो, काम चालू असताना दिवे जाणार हे धरूनच चालावे. लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर प्रश्न नाही, पण डेस्कटॉप असेल तर यूपीएस घेतल्याशिवाय कॅटलॉग (सर्व फोटोंची आणि त्यांतील बदलांची नोंदवही) ठेवणारे सॉफ्टवेअर वापरू नये, कारण कॅटलॉग ही एकच मोठी फाइल असते आणि ती लिहिली जात असताना वीज गेली तर बिघडू शकते. जिम्पमध्ये काम करताना दर थोड्या वेळाने स्वतःच्या हाताने जतन करावे, आपोआप जतन होईल यावर विसंबून राहू नये.

परीक्षेसाठी तीन अवघड फोटो निवडावेत

इंटरनेटवरील तुलनांमध्ये दाखवलेले फोटो परदेशातल्या मऊ उजेडातले असतात. त्यांवरून आपल्या उन्हातल्या फोटोचे काय होईल हे कळत नाही. म्हणून स्वतःच काढलेल्या तीन रॉ फाइल्स एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि प्रत्येक सॉफ्टवेअरला त्याच तीन फाइल्स द्याव्यात.

पहिला फोटो वर सांगितलेल्या कपाशीसारखा, पांढरे आणि काळे एकाच चौकटीत असलेला. येथे पाहायचे ते इतकेच, की ‘हायलाइट’ (फोटोतील उजळ भागाचे नियंत्रण) खाली ओढल्यावर बोंडांत तंतू दिसतात की करडा सपाट लेप येतो, आणि सावल्या उचलल्यावर काळी माती काळीच राहते की जांभळट होते.

दुसरा फोटो रात्रीचा असावा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके रात्र-रात्र चालतात. रंगमंचावर लाल-निळे दिवे, कॅमेऱ्याचा आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४००, पात्र हलते, अशी ती परिस्थिती असते. या फोटोवर खरखर कमी करण्याचे साधन चालवून, फोटो शंभर टक्के मोठा करून पात्राच्या डोळ्याकडे आणि साडीच्या काठाकडे पाहावे. खरखर जाताना काठाची वीणही गेली असेल तर त्या साधनाचा जोर कमी करावा लागेल. अलीकडची कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने, म्हणजे डीएक्सओचे डीपप्राइम किंवा लाइटरूममधले २०२३ साली आलेले डिनॉइझ, या बाबतीत जुन्या पद्धतीच्या बरीच पुढे आहेत, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यांना चांगले ग्राफिक्स कार्ड लागते. ते नसेल तर एकेका फोटोला कित्येक मिनिटे लागू शकतात, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत लॅपटॉपचा पंखा ओरडू लागतो तो वेगळाच. डार्कटेबलमध्ये ‘डिनॉइझ (प्रोफाइल्ड)’ हा भाग प्रत्येक कॅमेऱ्याच्या खरखरीची आधी मोजून ठेवलेली माहिती वापरतो. छंदाच्या कामाला तो बहुतेक वेळा पुरतो.

तिसरा फोटो गडद रंगाचा घ्यावा. पोळ्याला सजवलेल्या बैलाची झूल, शिंगांचा रंग, बेगड आणि उधळलेला गुलाल यांत लाल रंगाची बाजू इतर दोन रंगांच्या आधी भरून वाहते, आणि गुलाल नुसता एकरंगी थापा दिसतो. सॉफ्टवेअरच्या हिस्टोग्राममध्ये (गडद ते उजळ भाग किती आहेत ते दाखवणाऱ्या आलेखात) लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग वेगळे दिसतात की नाही ते पाहावे. दिसत असतील तर लाल रंगाचा डोंगर उजव्या भिंतीला टेकला आहे हे लगेच कळते, आणि त्या भागापुरता उजेड आणि रंगाचा जोर उतरवून गुलालाचे कण थोडेफार परत आणता येतात.

सुरुवात कॅमेऱ्याच्या कंपनीपासून

बहुतेक लोक जे सॉफ्टवेअर पाहतही नाहीत, त्याची परीक्षा पहिली घ्यावी. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचे २०२१ साली आलेले एनएक्स स्टुडिओ आणि सोनीचे इमेजिंग एज डेस्कटॉप ही त्या-त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून मोफत घेता येतात. त्यांचा मोठा गुण असा, की रॉ फाइल उघडल्याबरोबर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसला होता तोच रंग येथे येतो. फुजीफिल्मचे एक्स रॉ स्टुडिओ तर आणखी निराळे आहे. कॅमेरा तारेने संगणकाला जोडायचा आणि फाइलवरची प्रक्रिया कॅमेऱ्याच्याच आतील प्रोसेसरकडून करून घ्यायची. दुबळा लॅपटॉप असलेल्याला ही सोय वरदानच आहे. या सर्वांची मर्यादा एकच, की उद्या कॅमेऱ्याची कंपनी बदलली तर नव्या रॉ फाइल्स येथे उघडणार नाहीत. ज्याच्याकडे एकच कॅमेरा आहे आणि जो महिन्याला पन्नास-शंभर फोटोंवर काम करतो, त्याची गरज येथेच भागू शकते आणि त्याने पुढे जाण्याची घाई करू नये.

याच्या पुढची पायरी डार्कटेबल आणि रॉथेरपी यांची आहे. दोन्ही मोफत आणि मुक्त (ओपन सोर्स) आहेत, दोन्ही अनेक कंपन्यांच्या फाइल्स उघडतात. डार्कटेबलची पहिली आवृत्ती २००९ सालची. त्याची नवी आवृत्ती साधारणपणे वर्षातून दोनदा येते आणि तीत नव्या कॅमेऱ्यांची भर पडते, म्हणून अगदी नवा कॅमेरा असेल तर तो यादीत आला आहे का हे डाउनलोड करण्यापूर्वीच पाहावे. डार्कटेबलमध्ये फोटो प्रथम उघडतो तेव्हा तो कॅमेऱ्याच्या जेपेगपेक्षा फिका दिसतो आणि तेथेच पुष्कळ जण ते काढून टाकतात. वास्तविक त्याने अजून फारसे काही केलेलेच नसते. साधनांची लांबलचक यादी पाहून दडपून न जाता पहिला महिनाभर एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, सिग्मॉइड (उजेड-सावलीचा तोल), लेन्स करेक्शन, डिनॉइझ आणि क्रॉप एवढ्यांपुरतेच राहावे. रॉथेरपी ग्राफिक्स कार्डावर अवलंबून नाही आणि धार काढण्याच्या कामात फार चांगले आहे, पण फोटो लावून ठेवण्याची सोय त्यात तुटपुंजी आहे. त्यासाठी सोबत डिजिकॅम घ्यावे.

लाइटरूम शिकायला या दोघांपेक्षा सोपे आहे, यात वाद नाही. मराठी-हिंदीत त्याचे शिकवणारे व्हिडिओ भरपूर सापडतात आणि अडले तर विचारायला माणूस मिळतो. मात्र त्याची दोन रूपे आहेत आणि खेड्यात राहणाऱ्याने त्यांतला फरक नीट समजून घ्यावा. नुसत्या ‘लाइटरूम’चा मूळ बेत फोटो इंटरनेटवर चढवून ठेवण्याचा आहे. २५ एमबीच्या ३०० रॉ फाइल्स म्हणजे साडेसात जीबी झाले, आणि दिवसाला २ जीबी देणाऱ्या मोबाइल प्लॅनवर तेवढे चढवायला जवळपास चार दिवसांचा डेटा जाईल. संगणकावरील फोल्डर थेट उघडण्याची सोय आता त्यातही आली आहे, तरी आपल्या परिस्थितीला ‘लाइटरूम क्लासिक’ हेच रूप सोयीचे, कारण त्यात फोटो आपल्याच डिस्कवर राहतात. परवाना पडताळण्यासाठी अधूनमधून इंटरनेट मात्र लागतेच.

फोटोच्या आत शिरून करायच्या कामासाठी जिम्प मोफत आहे. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली आणि फिल्टर नंतर बदलता येण्याची बऱ्याच वर्षांची उणीव भरून निघाली. रॉ फाइल ते स्वतः उघडत नाही. डार्कटेबल किंवा रॉथेरपी संगणकावर असेल तर ती त्यातून जिम्पकडे येते. अफिनिटी ऑक्टोबर २०२५ पासून कॅनव्हाच्या खात्यावर मोफत मिळू लागले आहे. ते जिम्पपेक्षा नीटनेटके आणि रॉ फाइल उघडणारे आहे. दुसऱ्याच्या संगणकावर एकच काम करायचे असेल तर ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी पुरते.

कोणतेही सॉफ्टवेअर घेताना ते मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे. शोधयंत्रात वरती येणाऱ्या जाहिराती आणि हिरव्या रंगाची मोठी ‘डाउनलोड’ बटणे भलत्याच ठिकाणी नेतात. पेनड्राइव्हवरून कोणी ‘टाकून’ देत असेल, तर बसवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा असे तो सांगतो का याकडे लक्ष द्यावे. तसे सांगितले तर पेनड्राइव्ह परत करावा, कारण ज्या संगणकावर घरच्यांची बँक चालते त्यावर ही जोखीम घेण्यासारखी नाही.

आपली मेहनत कोठे साठते

माझ्या मते निवडीचा कस येथे लागतो, आणि नेमका हाच भाग कोणी विचारात घेत नाही. रॉ फाइलवर काम करणारी यांतील बहुतेक सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाहीत. काय-काय बदल केले त्याची नोंद ती वेगळी ठेवतात. डार्कटेबल ही नोंद प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहिते, रॉथेरपीही फोटोशेजारीच लिहू शकते. लाइटरूम क्लासिक ती मुख्यतः आपल्या कॅटलॉगमध्ये ठेवते, पण ‘कॅटलॉग सेटिंग्ज’मध्ये एक्सएमपीचा पर्याय चालू केला तर फोटोशेजारीही लिहिते. तो पर्याय पहिल्याच दिवशी चालू करावा.

फोल्डर दुसऱ्या डिस्कवर नेताना या छोट्या फाइल्स मागे राहिल्या, तर महिनोन्‌महिन्यांचे काम मागे राहिले. दुसरी गोष्ट अशी, की एका सॉफ्टवेअरची नोंद दुसऱ्याला पूर्णपणे कळत नाही. फोटोंना दिलेले पसंतीचे तारे आणि कीवर्ड सहसा जातात, रंग-उजेडाचे बदल तसेच्या तसे जात नाहीत. म्हणून ज्या फोटोंवर खरोखर कष्ट घेतले आहेत, त्यांची अंतिम प्रत वेगळी काढून ठेवावी. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची १६ बिट टिफ (दर्जा न गमावता साठवणाऱ्या प्रकारची) प्रत न दाबता ठेवली तर सुमारे १४४ एमबी जागा खाते, म्हणून निवडक फोटोंनाच टिफ आणि बाकीच्यांना उत्तम दर्जाचे जेपेग ठेवणे व्यवहार्य ठरते. लाइटरूमची वर्गणी थांबली तर क्लासिकमध्ये फोटो पाहता येतात, बाहेरही काढता येतात, पण डेव्हलपचा भाग बंद होतो. वर्गणी सुरू करण्याआधीच हे ठाऊक असावे.

प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि ती डिस्क शक्य तर दुसऱ्या घरी, निदान दुसऱ्या कपाटात तरी ठेवावी.

पैशाचा हिशेब

वर्गणीचा आकडा महिन्याचा न पाहता पाच वर्षांचा मांडावा, आणि त्याच रकमेत एखादी दुसऱ्या हाताची लेन्स येते का ते पाहावे. शेतीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरात पैसा हंगामात येतो आणि वर्गणी मात्र दरमहा जाते, ही अडचणही लक्षात घ्यावी. वर्षाचा करार महिन्याच्या हप्त्यांनी घेतला असेल तर मध्येच सोडताना दंड पडू शकतो, म्हणून नोंदणीच्या वेळी त्या ओळी वाचाव्यात. डीएक्सओ फोटोलॅबसारखे एकदाच पैसे देऊन घेता येणारे सॉफ्टवेअर हा मधला मार्ग आहे. किंमत जड आहे, पण काही दिवस मोफत वापरून पाहता येते, आणि त्या दिवसांत आपल्या रात्रीच्या फोटोवर ते चालवून पाहिले की निर्णय लवकर होतो.

शेवटची चाचणी कागदावर

निवड पक्की करण्यापूर्वी तीन परीक्षा-फोटोंपैकी एक छापून घ्यावा. जिल्ह्याच्या ठिकाणच्या बहुतेक लॅबला एसआरजीबी रंगातील जेपेग लागते, म्हणून एक्स्पोर्ट करताना तोच रंगसंच निवडावा. ८ गुणिले १२ इंचांच्या प्रिंटसाठी ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) धरले तर २४०० गुणिले ३६०० पिक्सेल पुरतात, आणि डीएसएलआरची ३:२ ही चौकट या आकारात न कापता बसते. मोबाइलची ४:३ ची चौकट बसत नाही, तेव्हा काय कापायचे ते लॅबवर न सोडता आपणच ठरवावे. लॅबला ‘ऑटो करेक्शन’ बंद ठेवायला सांगावे, नाहीतर आपण काय केले आणि यंत्राने काय केले हे कळणार नाही.

छापील फोटो दिवसा दाराजवळच्या उजेडात धरून स्क्रीनशी ताडून पाहावा. प्रिंट गडद आली असेल तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसून स्क्रीनच्या जास्त ठेवलेल्या उजेडाचा असतो. तो कमी करून, त्याच खोलीत आणि त्याच जागी बसून, फोटो पुन्हा दुरुस्त करावा आणि दुसरी प्रिंट काढावी. ती जुळली की स्क्रीनच्या उजेडाचा तो आकडा वहीत लिहून ठेवावा आणि मग बाकीचे फोटो हाती घ्यावेत.